जेजू बेटाची पूर्वेकडची डे टूर: पैसे वसूल, फक्त ते दुकान सोडून

दक्षिण कोरियातल्या जेजूला जाणारे बहुतेक जण धबधबे, कॅफे आणि फोटो एवढं करून परत येतात, कोरियन लोकांसाठी पण हे हनिमूनचंच बेट म्हणा, त्यामुळे टूर बुक करताना फार अपेक्षा नव्हती. छोटी व्हॅन, सात-आठ जण, गाईड पन्नाशीच्या बाई, जन्म तिथलाच आणि आजी स्वतः हेन्यो, म्हणजे समुद्रात बुड्या मारून शंख-शिंपले काढणारी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण खाली तक्रार आहे, आणि असे प्रोग्राम तिथे बरेच जण चालवतात.

गाडी शहराबाहेर पडेपर्यंत बाईंनी सात-आठशे वर्षं उरकून टाकली. आधी तामना नावाचं वेगळं राज्य, ११०५ मधे मुख्य भूमीवरच्या गोर्यो राज्याने ते खालसा केलं, तेराव्या शतकात मंगोल आले आणि त्यांनी इथे घोड्यांची कुरणं केली (घोडे अजून दिसतात), मग १६२९ पासून जवळजवळ दोनशे वर्षं बेटावरच्या लोकांना बेट सोडायलाच बंदी. मला डुलकी लागायच्या बेतात होती तेवढ्यात किम मान-दोकची गोष्ट आली. ही व्यापार करून मोठी झालेली बाई, १७९० च्या दशकात दुष्काळ पडला तेव्हा हिने स्वतःच्या पैशाने मुख्य भूमीवरून धान्य आणून लोकांना जगवलं. राजाने विचारलं काय हवं, तर म्हणाली राजधानी बघायचीय आणि कुमगांग डोंगर बघायचाय. म्हणजे बक्षीस काय, तर बेटाबाहेर पडायची परवानगी!

पहिला स्टॉप बुकचोन गाव. हे टूरच्या पानावर नुसतं 'मेमोरियल' म्हणून लिहिलंय, ते नीट सांगायला हवं होतं, कारण आमच्यात एक कुटुंब लहान मुलांना घेऊन आलं होतं आणि ते पार गोंधळले. १९४७ मधे पोलिसांनी सभेवर गोळीबार केला, फक्त दक्षिणेत निवडणूक घेऊन कोरियाची फाळणी पक्की होणार म्हणूनही राग होता, त्यातून ३ एप्रिल १९४८ ला उठाव झाला आणि तो मोडून काढताना सरकारने डोंगराकडची गावंच्या गावं जाळली. १९५४ पर्यंत हे चालू होतं. सरकारी चौकशीचा अंदाज २५,००० ते ३०,००० मृत्यूंचा, म्हणजे साधारण दहा माणसांमागे एक. एकट्या बुकचोनमधे १७ जानेवारी १९४९ ला तीनशेच्या वर लोक मारले. तिथे लहान मुलांची दगडांनी वेढलेली छोटी छोटी थडगी आहेत आणि त्यावर लोकांनी खेळणी ठेवलेली असतात. कितीतरी वर्षं यावर बोलायचीच चोरी होती, राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती थेट २००३ मधे. बाई स्वतः आत आल्या नाहीत, तुम्ही बघून या म्हणाल्या. चार वाक्यात संपवून सेल्फीला उभं केलं नाही, हे मला फार आवडलं.

मग हादो गावातलं हेन्यो म्युझियम, आणि या टूरचा खरा जीव इथेच आहे. ऑक्सिजन नाही, काही नाही, दम धरून दहा-दहा मीटर खाली जायचं, वर आल्यावर जो शिटीसारखा श्वास सोडतात त्याला सुम्बिसोरी म्हणतात. आत एका हेन्योचं जुनं घर मांडलंय, तेवाक नावाचा तरंगणारा गोळा आणि त्याला लावलेली जाळी, अॅबलोनी, म्हणजे खडकाला चिकटलेला मोठा समुद्री शंख, उचकटायचं लोखंडी बित्चांग. पण मला वस्तूंपेक्षा त्यांचा हिशोब भारी वाटला. कोण कधी उतरणार, किती लहान शंख परत सोडायचा, हे सगळं बायका बुलतोकमधे, म्हणजे दगडी आडोशातल्या शेकोटीभोवती बसून ठरवायच्या, आणि किनाऱ्याजवळचा उथळ समुद्र म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवायचा, तरण्या बायकांनी तिथे उतरायचं नाही. पेन्शन स्कीमच की ही! जपानी राजवटीत मालाला भाव पाडून द्यायला लागले तेव्हा १९३२ मधे याच बायकांनी मोर्चे काढले, म्युझियमच्या आवारात त्याचं स्मारक आहे. १९७० च्या सुमाराला १४,००० हेन्यो होत्या, आता ३,००० पण नाहीत आणि बहुतेक साठीच्या पुढच्या. २०१६ मधे युनेस्कोच्या यादीत नाव आलं, पण मुली काही पाण्यात उतरत नाहीत, आणि का उतराव्यात, आयांनी त्याच कमाईतून शिकवलं ते यासाठीच ना.

जेवण हेन्यो बायकांच्याच खाणावळीत. अॅबलोनीची पेज येते, आपल्या मऊ भातासारखी पण हिरवट, रंग बघून दचकू नका, तो त्या शिंपल्याच्या आतड्याचा असतो आणि चव त्यातच आहे. शाकाहारी असाल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर भात आणि किमची, आणि किमचीत पण मासळी असतेच बऱ्याचदा.

आता तक्रार. जेवणानंतर पाऊण तास एका गिफ्ट शॉपमधे घातला. संत्र्याची चॉकलेटं, क्रीम, दगडी आजोबांच्या (ही या बेटाची खूणच) मूर्ती, भाव डोळे पांढरे करणारे. बाई पण बिचाऱ्या अवघडून उभ्या होत्या, कमिशनचं वरूनच ठरलेलं असणार. त्यापेक्षा संत्र्याच्या बागेत थांबवलं असतं तर पैशाचं गणित तिथेच कळलं असतं, कारण एके काळी थोडीशी झाडं असली की पोरगं कॉलेज शिकून निघायचं म्हणे. आता सगळी मदार टुरिस्टवर, वस्ती सात लाखाच्या आत आणि वर्षाला येणारे सव्वा कोटीच्या वर. त्यात सोंगसानला दुसरा एअरपोर्ट करायचं २०१५ मधे जाहीर झालं, त्यावरून गावात भांडणं.

त्या दुकानापायी सोंगसान इलचुलबोंगला घाई झाली. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी, १८० मीटरच्या आसपास, पायऱ्या दमवतात पण वरून ते वाटीसारखं विवर बघायलाच हवं. आमच्यातले दोघं अर्ध्यातूनच उतरले.

चार स्टार, एक दुकानासाठी कापला. स्वस्तात करायचं असेल तर २०१ नंबरची बस याच किनाऱ्याने जाते, बुकचोन, म्युझियम, सोंगसान सगळं होतं, फक्त बाईंसारखं सांगणारं कुणी नसेल. टूरच घेणार असाल तर बुकिंगच्या मेसेजमधेच लिहा की शॉपिंग स्टॉप नको, काही जण ऐकतात म्हणे, आणि टोपी नेऊ नका, वारा ठेवत नाही.