बबल एअर बेड : अकरा महिने वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या सासूबाई मोरीत घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, खरं वय 81, त्यात साखर. त्या परत पायावर उभ्या राहिल्याच नाहीत. घरी आणलं त्या दिवशीच आमचे हे एका सर्जिकल दुकानातून एअर बेड घेऊन आले, म्हणजे पडून राहून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून घालायची हवेच्या फुग्यांची गादी. 2,900 रुपये, पंपासकट.

दुकानदार म्हणाला, "हा घातला की पेशंटला हलवायची गरज नाही." आमचं तिथंच चुकलं. घरात दोन माग, हे रात्री नऊपर्यंत मागावर, माझा स्वयंपाक आणि कांड्या भरायचं काम. कुणी तरी 'हलवू नका' म्हटलं तर कोणाला नको असतं? तिसऱ्या आठवड्यात अंग पुसताना माकडहाडावर रुपयाएवढा डाग दिसला. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाल असं दिसतच नाही, जरा काळपट आणि हाताला गरम लागत होता. मी तेल लावून चोळलं. चार दिवसांत कातडी फुटली.

ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी मला धरून शिकवलं. त्या कानडी, सासूबाईंना कानडी बाजारापुरतं. "निधान, निधान" (सावकाश, सावकाश) म्हणत त्यांनी सासूबाईंना कुशीवर घेतलं आणि मला दाखवलं : डाग बोटानं दाबायचा, सोडल्यावर फिका पडला नाही तर आत मार बसलाय. चोळायचं नाही, भोकाची गोल उशी तर अजिबात नाही, तिच्या कडेनंच रक्त अडतं. आणि एअर बेड असला तरी दिवसा दर दोन तासांनी कूस बदलायचीच. मग बेड कशाला? तर दोन वेळा वळवण्याच्या मधल्या वेळेसाठी. त्यातले फुगे आळीपाळीनं फुगतात आणि बसतात, त्यामुळे एकाच जागेवर सारखा भार येत नाही. एवढंच त्याचं काम, आणि तेवढं तो चांगलं करतो.

आम्ही तो नीट वापरतच नव्हतो. वर दुपटं, रबरी शीट, त्यावर गोधडी! इतके थर घातल्यावर फुग्यांचा उपयोग काय? आता फक्त एक सुती चादर, तीही ताणून न खोचता. पंपावरचं बटण वजनाप्रमाणे फिरवायचं असतं, आम्ही ते शेवटाला नेऊन ठेवलं होतं, बेड दगडासारखा. सिस्टरची खूण सोपी : गादीखालून, ढुंगणाच्या बरोबर खाली तळहात सरकवायचा. हाड हाताला लागलं तर हवा कमी, मध्ये इंचभर हवा जाणवली तर ठीक. टाचांना मात्र हा बेड पुरत नाही. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्या लागतात.

वर सरकवताना आधी आम्ही काखेत हात घालून ओढायचो. आता सासूबाईंनीच तरुणपणी विणलेलं एक जुनं लुगडं चौघडी करून तेवढ्यापुरतं कमरेखाली घालतो. दोघांनी दोन बाजू धरून उचलायचं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "मी काय गाठोडं हाय व्हय गं?" दुसऱ्या दिवसापासून लुगड्याचा काठ स्वतःच चाचपून बघतात, उलटं घातलंय का म्हणून.

पंपाचा आवाज बारीक, खरं रात्रभर. सुरुवातीला विचारायच्या, "कुणाचा माग चाललाय एवढ्या रात्री?" आता पंप बंद झाला की जाग्या होतात. लाईट गेली की हवा हळूहळू उतरते. इन्व्हर्टर असेल तर चिंता नाही, पंपाला वीज नखाएवढीच लागते. आमच्याकडं नाही, म्हणून नळ्या दुमडून कपड्यांचे चिमटे लावते, तेवढ्यात तासभर निघतो. एप्रिल-मे मात्र वाईट. प्लॅस्टिकवर पाठ घामेजते, दिवसातून दोनदा चादर बदलावी लागते.

माझ्या साडीची पिन एकदा लागली आणि एक फुगा बसला. सायकलवाल्याकडं नेलं, त्याचं सोल्युशन प्लॅस्टिकवर धरेना. बॉक्समध्येच ठिगळ असतं, तेच लावा.

जखम भरायला अडीच महिने लागले, साखरेमुळे. त्यानंतर नवी झाली नाही. याचं निम्मं श्रेय बेडला देईन, निम्मं भिंतीवरच्या पाटीला. पाटीवर वेळा आणि नावं आहेत : रात्री अकराला हे, दोनला धाकटे दीर, पाचला मी. दीर हिंदवाडीत राहतात, आठवड्यातून तीन रात्री इथं झोपायला येतात. हे ठरवायला भांडण झालं, जाऊबाई महिनाभर बोलल्या नाहीत. बेड आणायच्या आधी ते भांडण केलं असतं तर जखम झाली नसती.

पाचात साडेतीन तारे. अर्धा दुकानदाराच्या त्या वाक्यासाठी कापलाय, एक उकाड्यासाठी आणि टाचांसाठी. आणि बिल जपून ठेवा : पंप अकराव्या महिन्यात बंद पडला, वॉरंटी वर्षाची होती, बिल सापडलं शेवटी कांड्यांच्या टोपलीत, सुताला गुंडाळलेलं. पंप बदलून मिळाला.