'बाबा इज यू' : कित्येक महिने खेळल्यानंतरचा अनुभव

एकाच नव्या कल्पनेवर उभे असलेले छोटे गेम पहिल्या बैठकीत थक्क करतात आणि आठवड्याभरात विस्मरणात जातात, असे बहुतेकदा घडते. फिनलंडच्या आर्वी टेइकारी यांचा, २०१९ मध्ये आलेला 'बाबा इज यू' मी कित्येक महिने खेळत आहे आणि त्यातली कल्पना अजूनही आटलेली नाही.

वरवर पाहता हा १९८२ च्या 'सोकोबान'च्या घराण्यातला, ठोकळे ढकलण्याचा गेम आहे; आपण सहसा हलवतो त्या छोट्या प्राण्याचे नाव बाबा. मात्र इथे ढकलायच्या ठोकळ्यांवर शब्द असतात आणि आडव्या किंवा उभ्या ओळीत जुळलेले शब्द हेच त्या लेव्हलचे नियम ठरतात. 'वॉल इज स्टॉप' हे वाक्य जुळलेले आहे तोवर भिंत अडवते. त्यातला एक शब्द बाजूला सरकवला की त्याच भिंतीतून आरपार जाता येते. 'रॉक इज विन' जुळवले की दगडापाशी पोहोचणे म्हणजेच जिंकणे, आणि 'वॉल इज यू' ('यू' म्हणजे खेळाडू ज्याला हलवतो ते) केले तर बाणाची एक कळ दाबताच साऱ्या भिंती एकदम चालू लागतात.

खरी गंमत पुढे, नियमांच्या आडोशाला दडलेल्या परिणामांत आहे. 'बाबा इज वॉल' असे जुळवले तर बाबाची भिंत होते, हे लवकरच कळते. पण 'बाबा इज बाबा' हे वाक्य आधीपासून जुळलेले असेल, तर बाबाचे रूपांतर होतच नाही. दिसायला निरर्थक वाटणारे हे वाक्य प्रत्यक्षात एक भक्कम कुलूप असते, आणि ते कुठे लावावे व कुठे मोडावे यावर आख्खे कोडे उभे राहू शकते. तसेच शब्द फक्त ढकलता येतात, ओढता येत नाहीत. त्यामुळे कोपऱ्यात बसवलेले वाक्य सहसा हलत नाही. लेव्हल उघडताच आधी कोपरे पाहायचे, कुठले नियम पक्के आहेत ते ठरवायचे आणि मगच पहिली चाल करायची, ही सवय मला याच गेमने लावली. कुठलीही सूचना न देता निव्वळ मांडणीतून खेळाडूला शिकवण्याचे हे कसब मला अतिशय मोलाचे वाटते.

या कल्पनेचा जन्म २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे दिलेल्या विषयावर थोडक्या वेळात गेम बनवण्याच्या स्पर्धेत, झाला. विषय होता 'नॉट देअर', आणि तिथे हा गेम विजेता ठरला. जॅममधून अनेक उत्तम कल्पना निघतात. 'सुपरहॉट'मधली, आपण हललो तरच काळ पुढे सरकतो ही कल्पनाही २०१३ च्या एका जॅममधलीच. परंतु काही तासांत सुचलेली कल्पना दोनशेहून अधिक लेव्हलपर्यंत नेताना तीच ती कोडी नव्या रंगात न देणे, हे निराळ्याच चिकाटीचे काम आहे. इथे 'अँड', 'नॉट', 'हॅज' असे शब्द एकेक करून येतात आणि प्रत्येक नवा शब्द जुन्या सर्व शब्दांशी असलेले नाते बदलून टाकतो.

हवे तितके मागे जाऊ देणारी अनडूची सोय नसती, तर हा गेम असह्य झाला असता. 'बाबा इज यू' हे वाक्यच मोडले तर हलवायला कोणी उरत नाही. पण एका कळीने पूर्वस्थिती परत मिळते, म्हणून वेडेवाकडे प्रयोग निर्धास्तपणे करता येतात.

आता उणिवा. गेममध्ये इशारे अजिबात नाहीत आणि अवघडपणाचा चढ फार लवकर येतो. नंतरच्या काही लेव्हलमध्ये युक्ती सुचल्यावरही एखादा ठोकळा नेमक्या घरात आणण्यासाठी बरीच खटपट करावी लागते, आणि तिथे सुचल्याचा आनंद विरून जातो. नकाशावर एकाच वेळी अनेक लेव्हल खुल्या असतात, म्हणून अडलेली सोडून दुसरीकडे वळता येते. तरीही प्रत्येक कोडे सोडवल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांचा हा गेम कस पाहील. ज्यांना सलग, हळूहळू वाढत जाणारी वाट हवी असेल, त्यांनी आधी २०२२ चा 'पॅट्रिक्स पॅराबॉक्स' खेळावा. खोक्यात खोके आणि त्यात पुन्हा तेच खोके, ही त्याची कल्पनाही तितकीच धाडसी आहे, पण ती उलगडण्याची रीत अधिक सौम्य आहे.