मॅडोना लिलीच्या नावाखाली भलतीच लिली गळ्यात मारली

लिहायचीही लाज वाटते, कारण लिलीबद्दल इतरांना सल्ले देणारा माणूस मी. 24 कंदांचे पैसे आगाऊ भरले. आले 23, उगवले 14, आणि त्यात मॅडोना लिली एकही नाही.

जाहिरातीत लिओनार्दोचं चित्र होतं, येशूची आई मेरी, म्हणजेच मॅडोना, तिच्यापुढे गुडघे टेकलेला देवदूत गॅब्रिएल, हातात पांढरी लिली. तिथंच पाघळलो. पावित्र्याची खूण म्हणून शतकानुशतकं रंगवलेलं फूल आपल्या वाफ्यात असावं असं वाटणं काही गुन्हा नाही.

कंदांसोबत चिठ्ठी होती: '15 सेंटिमीटर खोल लावा.' इथंच माझी ट्यूब पेटायला हवी होती! बाकीच्या लिल्या खोल जातात. हिच्या कंदाच्या शेंड्यावर जेमतेम 2-3 सेंटिमीटर माती लागते. हे मला पाठ होतं. तरी मी, शहाणा, खड्ड्यात पट्टी उभी धरून बरोबर 15 मोजले. म्हटलं, विकणाऱ्याला जास्त कळत असेल.

मॅडोना लिली हिवाळ्याआधीच जमिनीलगत पानांचा झुबका काढते आणि तो थंडीभर हिरवा राहतो. माझा वाफा भुंडा. विचारलं तर, "धीर धरा, मुळं धरतायत." तेवढ्यात पैसे परत मागायची मुदत टळली. झुबका दिसला नाही की त्याच दिवशी तक्रार टाका, धीरबीर धरू नका.

फुलं आली आणि उरलीसुरली आशा गेली. मॅडोनाचं फूल आखूड, पसरट तोंडाचं. माझ्याकडे हातभर नाही पण वीतभर लांब कर्णे! ही ईस्टर लिली, मूळची तैवान आणि र्‍युक्यू बेटांकडची. भूमध्य सागराच्या पूर्वेकडल्या मॅडोना लिलीशी हिचा संबंध गोऱ्या रंगापुरता.

तक्रार कक्षातले साहेब म्हणाले, "फूल पांढरं आलं ना? लिलीच आहे ना? मग फसवणूक कुठं?" मी सांगितलं, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये मॅडोनाला कँडिडम म्हटलं, थुनबर्ग या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1794 मध्ये ईस्टर लिलीला लाँजिफ्लोरम, या दोन वेगळ्या जाती. साहेबांनी जांभई दिली. तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणे. तज्ज्ञ म्हणाले, ताजं फूल आणा. तोवर फुलं गळलेली. "मग पुढच्या वर्षी या." तीन अर्ज केले, तिसऱ्यावर 'विषय: भाजीपाला बियाणे' असा शेरा मारून परत. पैसे ज्यांच्यामार्फत गेले ते म्हणतात, बटण तुम्हीच दाबलंत.

पावती जपा, कंदाचे आणि चिठ्ठीचे फोटो आल्याआल्या काढा. आणि फूल उमललं की आधी दाखवायला न्या, मग रडा.

परवा त्याच विकणाऱ्याची नवी जाहिरात दिसली: 'दुर्मीळ निळी मॅडोना लिली'. लिलियममध्ये, म्हणजे खऱ्या लिलींच्या कुळात, निळा रंग नाहीच! चिठ्ठी मात्र तीच असणार, 15 सेंटिमीटरची.