दम्याचा रोजचा पंप आणि स्पेसर: आषाढ ते वैशाख वापरून

आधी काय वापरतेय ते सांगते. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला 200/6 चा पंप (एका पफात पहिलं 200 आणि दुसरं 6 मायक्रोग्रॅम), त्याला लावायचा प्लास्टिकचा स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, आणि घरी फुंकून बघायचं पीक फ्लो मीटर. गेल्या आषाढात छातीच्या डॉक्टरांनी सुरू करून दिलं. त्याआधी कॉलेजपासून निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचा, पर्समध्ये असायचाच. धाप लागली की दोन पफ, भागलं. आम्ही राहतो कोल्हापूरच्या कडेला, घरामागे ऊस. म्हणजे दमेकऱ्याला नको ते सगळं हाताशी: पावसाळ्यात भिंतींना ओल, तोड झाली की पाचटाचा धूर आणि उन्हात चटणी.

औषध देण्याआधी डॉक्टरांनी मशीनवर फुंकायला लावलं, मग पंप देऊन थोड्या वेळाने परत फुंकायला लावलं. दुसऱ्या वेळी फुंकलेल्या हवेचा आकडा 12 टक्क्यांहून आणि 200 मिलिलिटरहून जास्त वाढला, तर श्वासनळ्या आवळतात आणि औषधाने सुटतात असं दिसतं. माझा चांगलाच वाढला. ते म्हणाले, "ताई, निळ्या पंपाने नळ्या तेवढ्यापुरत्या सुटतात. आतली सूज तशीच राहते." 2019 पासून 'जिना' (GINA) या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात, मोठ्या माणसाला नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका.

नव्या पंपात दोन औषधं. ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड, ते सूज उतरवतं, पण सावकाश. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत नळ्या मोकळ्या करतं आणि बारा तास टिकतं. म्हणून मला हाच पंप सकाळ-संध्याकाळही आणि अडीनडीलाही. सगळे मिळून दिवसाला 12 पफांच्या वर नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. हे कुठल्याही जोडपंपाला लागू नाही बरं का. सालमेटेरॉलवाला पंप उशिरा लागू पडतो, तो धाप लागल्यावर मारायचा नसतो. डबीवर नाव वाचा आणि आपल्या डॉक्टरांना विचारा.

पहिला आठवडा फार काही वाटलं नाही. हात किंचित थरथरायचे, छातीत धडधड व्हायची, ते आपोआप गेलं. फरक कळला तो झोपेत. पहाटे तीन-चारला उठून उशीला टेकून बसायचं, छातीतली सुंई-सुंई ऐकत उजाडायची वाट बघायची, हे श्रावण संपेपर्यंत बंद झालं.

आणि तिथेच खरी कसरत सुरू होते. सासूबाई म्हणाल्या, "एवढं बरं वाटतंय, तर कशाला ओढतेस रोज? सवय लागेल." शेजारच्या काकूंनी मृगाला हैदराबादला जाऊन माशाचं औषध घ्यायला सांगितलं; मी गेले नाही, त्याने दमा जातो याला काही पुरावा नाही. पण सासूबाईंचा प्रश्न सोपा नव्हता. डोकं दुखलं की गोळी, थांबलं की बंद, ही आपली रीत. काहीही होत नसताना रोज औषध घ्यायला मन राजी होत नाही. मला पटलं ते आकड्याने. माझा सुरुवातीचा डोस दिवसाला चार पफ, म्हणजे 800 मायक्रोग्रॅम स्टिरॉइड. दम्याचा जोराचा झटका आला की तोंडावाटे देतात ती प्रेडनिसोलोन बऱ्याचदा दिवसाला 40 मिलिग्रॅम असते, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. औषधं वेगळी आहेत, तेव्हा ही तुलना ढोबळच. तरी जे थेट छातीत जातं ते थोडक्यात काम करतं, एवढं कळायला पुरते. औषध दुकानदार धाप लागली म्हणून पुडीत बांधून देतात त्या बारीक पांढऱ्या गोळीतही बहुतेक वेळा स्टिरॉइडच असतं. तिला कुणी घाबरत नाही, पंपाला घाबरतात!

आता स्पेसर. अर्धे मार्क मी त्याला देईन. पंप थेट तोंडात मारला की बरंचसं औषध घशालाच चिकटतं. स्पेसरमध्ये ते क्षणभर थांबतं, आपल्याला दाबण्याची आणि ओढण्याची वेळ जुळवत बसावं लागत नाही. पंप हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट लावायचे, एकच पफ दाबायचा, सावकाश खोल श्वास घ्यायचा, जमेल तसं दहा आकडे थांबायचं. दुसरा पफ मिनिटभराने. दोन एकदम दाबून वेळ वाचवायचा नाही. धुण्याचंही ऐका: भांड्यांचा साबण घातलेल्या कोमट पाण्यात बुडवायचा, घासणी लावायची नाही, फडक्याने पुसायचा नाही, तसाच निथळत ठेवायचा. कोरडं पुसलं की प्लास्टिकवर वीज धरते आणि औषध भिंतीलाच बसतं. आमच्याकडे तो रविवारी ताटाळ्यात चमच्यांशेजारी उभा असतो. वस्तू म्हणून त्याचा एकच दोष, मोठा आहे. पर्समध्ये मावत नाही, आणि एसटीत काढला की दोन बाकांपलीकडची माणसंही वळून बघतात.

पीक फ्लो मीटर म्हणजे खेळण्यातल्या शिट्टीसारखी नळी, त्यावर सरकणारा लाल काटा. सकाळी औषधाआधी तीनदा जोरात फुंकायचं, मोठा आकडा लिहायचा. माझा सगळ्यात चांगला 380. त्याच्या 80 टक्के म्हणजे 304 च्या वर हिरवा पट्टा, 190 ते 304 पिवळा, त्याखाली लाल म्हणजे मधले, अडीनडीचे पफ घेत सरळ दवाखाना. धापेने एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर फुंकत बसायचंच नाही, निघायचं. याचा उपयोग कळला तोडीच्या दिवसांत. मागच्या रानात संध्याकाळी पाचट पेटवलं, काळी भुसकटं वाळत घातलेल्या कपड्यांवर आली. मला काहीच होत नव्हतं, पण सकाळी काटा 270 वर. छाती भरायच्या आधीच कळलं. कागदावर होतं तसे मधले पफ घेतले, खिडक्या लावल्या, दोन-तीन दिवसांत आकडा वर आला.

चटणीचं मात्र औषधाने सुटत नाही. मिरच्या भाजताना ठसका लागतो तो सगळ्यांनाच, माझी छाती त्यात आवळते. यंदा भाजणं परड्यात ठेवलं आणि डंकावर नवरा गेला. मी कांदा-लसूण सोलून दिला, एवढंच. चटणी चांगली झाली, मीठ जरा पुढं.

तक्रारी आहेत. आवाज बसतो. प्रत्येक वेळी चूळ आणि गुळण्या केल्या तरी हरिपाठाला वरचा सूर लागत नाही. गुळण्या टाळल्या तर तोंडात पांढरा थर येऊ शकतो, तेव्हा तो आळस नको. खर्चही आहे: 120 पफांचा डबा, चार पफांनी महिन्यात संपतो. तीन महिने ठीक गेल्यावर डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तेव्हा जरा हायसं वाटलं. आकडा दाखवणारा डबाच मागा. डबा पाण्यात तरंगला की संपला, ही युक्ती भरवशाची नाही. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आत दाबाखालचा वायू असतो.

प्राणायाम करते, बरं वाटतं, पण तो पंपाच्या जागी नाही. वाफेने माझं नाक सुटतं, छाती नाही. सासूबाई हल्ली संध्याकाळी विचारतात, "ओढलंस का?" डोस आणखी उतरवायचा का, हे पुढच्या तपासणीला ठरेल, मी तरी पावसाळा संपेपर्यंत थांबूया असंच म्हणणार आहे, ओल अजून यायचीय.