व्हर्टस जीटी की व्हर्ना टर्बो? सेडानच घ्यायची ठरलेल्यांसाठी

पंधरा-वीस लाखांत आज बहुतेक घरांत एसयूव्हीच येते. तरीही सेडानच हवी, त्यातही टर्बो पेट्रोलच हवी, असं कुणी म्हणालं की त्याला गाडी चालवायची हौस आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. अशा माणसापुढे आपल्याकडे मुख्यतः दोन नावं येतात: फोक्सवॅगन व्हर्टसची १.५ टीएसआय, म्हणजे जीटी, आणि ह्युंदाई व्हर्नाची १.५ टर्बो. स्कोडा स्लाव्हिया ही व्हर्टसची सख्खी बहीण. इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सगळं तेच, त्यामुळे खाली व्हर्टसबद्दल लिहिलेलं बरंचसं स्लाव्हियालाही लागू आहे. होंडा सिटी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. तिचं १२१ पीएसचं (पीएस म्हणजे ताकदीचं माप, जवळजवळ हॉर्सपॉवरच) बिनटर्बोचं इंजिन गोड चालतं, पण टर्बोच्या पिकअपची चटक लागलेल्याचं तिच्यावर भागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मॅन्युअल घेणार असाल आणि गाडी मुख्यतः तुम्हीच चालवणार असाल, तर व्हर्टस. ऑटोमॅटिक घेणार असाल आणि घरच्यांनाही गाडी आवडली पाहिजे अशी अट असेल, तर व्हर्ना. हे का, ते आता बघू.

दहा पीएसचा वाद

व्हर्ना टर्बो १६० पीएस आणि २५३ एनएम टॉर्क (टॉर्क म्हणजे इंजिनाचा खेचण्याचा जोर), व्हर्टस जीटी १५० पीएस आणि २५० एनएम. शोरूममध्ये या दहा पीएसवरून जितकी चर्चा होते तितकी रस्त्यावर ती जाणवत नाही. दोन्ही गाड्यांचा पूर्ण टॉर्क १५००-१६०० आरपीएमच्या आसपास हाताशी येतो आणि ३५०० पर्यंत टिकतो. रोजचं चालवणं या पट्ट्याच्या बाहेर क्वचितच जातं. ट्रकला ओव्हरटेक करायचंय, समोर दोनशे-तीनशे मीटर रिकामे आहेत, तुम्ही पाय दाबला. दोन्ही गाड्या झटकन निघतात.

फरक आहे तो ताकद बाहेर येण्याच्या तऱ्हेत. व्हर्ना जोरात उसळते. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलात तर पुढची चाकं फिरतात, ओल्या रस्त्यावर तर हमखास. मजा येते, पण हातात थोडी सावधगिरी लागते. व्हर्टस तेवढीच ताकद गुळगुळीत देते, त्यामुळे ती संथ वाटते, आणि स्पीडोमीटरकडे बघितल्यावर कळतं की आपण ठरवलं होतं त्याहून वीस जास्त आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर सपाटीला मर्यादा १००, घाटात ६०, आणि आता कॅमेरे जागोजागी. व्हर्टसवाल्यांनी क्रूझ कंट्रोल लावायची सवय करावी, स्वस्त पडेल.

व्हर्टसच्या इंजिनात एक चतुर सोय आहे. पाय हलका असला की चारपैकी मधले दोन सिलिंडर बंद होतात आणि गाडी उरलेल्या दोनवर चालते. पुन्हा पाय दाबला की चारही चालू. हे होताना धक्का बसत नाही, फक्त डॅशबोर्डवर खूण दिसते. सपाट हायवेवर ९०-१०० ने निवांत जाणाऱ्याला याचा खरा फायदा. शहरात नाही.

घाट

स्पोर्टी गाडीची परीक्षा सरळ रस्त्यावर होत नाही. पुण्याकडून ताम्हिणीत उतरायला लागलात की वळणामागून वळण येतं, मधे कुठेतरी डांबर उखडलेलं असतं, पावसाळ्यात डोंगरातून पाणी आडवं वाहत असतं. अशा ठिकाणी व्हर्टसचं स्टिअरिंग हाताला वजनदार लागतं. जितकं वळवलं तितकंच वळतं, मधेच दुरुस्त्या कराव्या लागत नाहीत. वळणाच्या मध्यावर खड्डा आला तर मागचा भाग उडी मारत नाही, एकच दणका देऊन गाडी स्थिरावते. तिसऱ्या गिअरला ठेवून पाय हलका सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं. ज्यांनी जुनी पोलो जीटी चालवली आहे त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल, फक्त गाडी मोठी आणि दमदार.

व्हर्नाची ही पिढी मार्च २०२३ मध्ये आली आणि आधीच्या व्हर्नांपेक्षा फार सुधारली. पूर्वी शंभरच्या पुढे मागचा भाग तरंगल्यासारखा वाटायचा, ती भीती आता गेली. पण स्टिअरिंग हलकंच आहे. शहरात पार्किंग करताना याच हलकेपणाला तुम्ही दुवा द्याल. घाटात मात्र टायर रस्त्याला किती धरून आहेत हे हातापर्यंत पुरेसं पोचत नाही. गाडी वळते, व्यवस्थित वळते, पण तुम्हाला सांगत नाही. शिवाय सस्पेन्शन थोडं मऊ असल्याने सलग डावी-उजवी वळणं आली की अंग झुकतं. मागे कुणाला गाडी लागत असेल तर ते आधी व्हर्नातच कळेल.

एका बाबतीत मात्र फोक्सवॅगनने हात आखडता घेतला आहे. दीडशे पीएसची गाडी, जीटीचा बिल्ला, पुढच्या चाकांना लाल कॅलिपर, आणि मागे ड्रम ब्रेक! व्हर्ना टर्बोच्या वरच्या व्हेरिएंटला चारही चाकांना डिस्क आहेत. व्हर्टसचे ब्रेक कमी पडतात असं नाही, रोजच्या वापरात पुरून उरतात. पण या किमतीला हे पटत नाही.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक

दोन्हींत सहा गिअरचं मॅन्युअल आणि सात गिअरचं ड्युअल क्लच ऑटोमॅटिक मिळतं. फोक्सवॅगन त्याला डीएसजी म्हणते, ह्युंदाई डीसीटी. दोन्ही ड्राय क्लच प्रकारचे आहेत, म्हणजे क्लच तेलात बुडालेला नसतो, हवेनेच थंड होतो. म्हणून घोडबंदर रोडला किंवा हिंजवडीच्या रांगेत गाडी फूट-फूट सरकवत राहणं दोन्हींना मानवत नाही. ब्रेक सोडून गाडी रांगत ठेवण्यापेक्षा पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे घ्या. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेक दाबा. डीएसजी लवकर बिघडते ही जुनी बदनामी अजून लोकांच्या तोंडी आहे, त्यामुळे व्हर्टस ऑटोमॅटिक घेणाऱ्याने वाढीव वॉरंटी घेऊनच टाकावी. व्हर्नाच्या डीसीटीला तीच काळजी लागू होते, फक्त तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

चालवायला डीएसजी जास्त तल्लख. एस म्हणजे स्पोर्ट मोडमध्ये टाकलं की वळणाआधी ब्रेक मारताच गिअर खाली येतो. व्हर्नाचा डीसीटी शहरात अधिक मऊ, पण अचानक पाय दाबला की क्षणभर विचार करतो. मॅन्युअलमध्ये मात्र व्हर्टस सरळ पुढे. गिअर लीव्हर नेमका बसतो, आणि या वजनदार गाडीशी मॅन्युअलचीच जोडी जमते. व्हर्नाचा क्लच हलका, रोज शहरात चालवणाऱ्याच्या डाव्या गुडघ्याला तो बरा.

आई-बाबा, मुलं आणि डिकी

इथे टेप काढावी लागते. व्हर्नाचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २६७० मिमी, व्हर्टसचा २६५१. रुंदी व्हर्नाची १७६५, व्हर्टसची १७५२. आणि उंची? व्हर्ना १४७५, व्हर्टस १५०७. या तीन आकड्यांत मागच्या सीटची सगळी कथा आहे. व्हर्नात पाय पसरायला जागा जास्त, तिघे बसले तरी खांदे कमी घासतात, पण उंच माणसाचं डोकं छताला लागायला येतं. व्हर्टसमध्ये डोक्यावर जागा आहे, सीट घट्ट आणि मांडीला आधार देणारी आहे, पण मधे जमिनीवर मोठा उंचवटा असल्याने तिसरा माणूस पाय कुठे ठेवू म्हणून विचारतो. व्हर्टस चौघांची गाडी आहे असं धरूनच चाला.

गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना दोन्ही सेडान त्रासाच्याच, पण व्हर्ना जास्त. तिच्यात बसताना आत उतरावं लागतं, उठताना हात धरून वर यावं लागतं. हे टेस्ट ड्राइव्हच्या दिवशी त्यांना प्रत्यक्ष बसवून बघा. शोरूममधल्या गुळगुळीत फरशीवर नाही, बाहेर रस्त्याच्या कडेला.

व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटापासून रस्त्यापर्यंतची उंची, १७९ मिमी आहे. चौघं आणि डिकीभर सामान घेऊन कोकणात गावाकडच्या रस्त्याला लागलात, तिथे ग्रामपंचायतीने घातलेले उभट स्पीडब्रेकर आले, की या आकड्याची किंमत कळते. व्हर्ना खाली बसकी असल्याने भरलेली असताना तिरकी घ्यावी लागते. डिकी दोन्हींची जवळजवळ सारखीच: व्हर्टसची ५२१ लिटर आणि व्हर्नाची ५२८ लिटर. व्हर्टसची मागची सीट ६०:४० दुमडते.

सोयी

या विभागात फार वेळ घालवत नाही, कारण व्हर्ना इथे सहज जिंकते. दोन १०.२५ इंची पडदे, पुढच्या सीट थंडही होतात आणि गरमही, बोसचे आठ स्पीकर. गरम सीटचा उपयोग महाबळेश्वरला डिसेंबरात एखाद्या रात्री होईल, पण थंड सीट मे महिन्यात विदर्भात जाणाऱ्याला देवासारखी वाटते. ती व्हर्टसच्या वरच्या व्हेरिएंटमध्येही आहे.

अपघात झालाच तर

गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेचे पाच तारे दोन्हींना २०२३ मध्येच मिळाले. एवढं ऐकून बरेच जण पुढे जातात. त्यांनी अहवाल उघडून बघावा. मोठ्यांच्या सुरक्षेत व्हर्टसला ३४ पैकी २९.७१ गुण, व्हर्नाला २८.१८. मुलांच्या सुरक्षेत दोन्हींना ४९ पैकी ४२. म्हणजे जवळजवळ बरोबरी. पण व्हर्टसचा सांगाडा चाचणीनंतर 'स्थिर' ठरला आणि व्हर्नाचा 'अस्थिर'. अस्थिर म्हणजे त्या वेगाच्या वर धडक झाली तर सांगाड्याला आणखी भार पेलेल याची खात्री नाही. माझ्या हिशेबी हा मुद्दा सनरूफच्या आणि पडद्यांच्या कितीतरी वर आहे.

उलट बाजूही नीट बघा. व्हर्नाच्या वरच्या व्हेरिएंटमध्ये एडास आहे, म्हणजे समोर काही आलं तर आपणहून ब्रेक लावणं, लेन सोडली तर स्टिअरिंग सावरणं, बाजूने येणाऱ्या गाडीची सूचना. व्हर्टसमध्ये यातलं काही नाही. पुण्यातल्या रस्त्यावर दुचाकी डावीकडून घुसली की ही यंत्रणा घाबरते आणि तुम्हालाही घाबरवते, त्यामुळे शहरात ती बंद करणारे पुष्कळ. पण नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर एकसुरी रस्त्याने डोळा लागण्याची भीती खरी आहे, आणि तिथे लेन सोडल्याबरोबर वाजणारी सूचना जीव वाचवू शकते. समृद्धीवर नेहमी ये-जा करणाऱ्याने व्हर्नाकडे यासाठी गंभीरपणे बघावं. पुढच्या गाडीच्या वेगाशी जुळवून घेणारा क्रूझ हवा असेल तर मात्र ऑटोमॅटिकच घ्यावी लागते, मॅन्युअलमध्ये एडासची यादी छोटी होते.

खिसा

वरच्या ऑटोमॅटिक व्हेरिएंटची तुलना केली तर व्हर्टस व्हर्नापेक्षा लाखाहून जास्तीने महाग पडत आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला तेव्हा या वर्गातल्या गाड्यांवरचा कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला, त्याचा फायदा दोन्हींना सारखाच. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीवर आरटीओ कर १२ टक्के, म्हणून जाहिरातीतल्या एक्स-शोरूम किमतीवर बजेट बांधू नका. ऑन-रोडचं कोटेशन लेखी घ्या आणि त्यातली विम्याची व ॲक्सेसरीजची ओळ वेगळी काढून बघा. बाहेरून विमा काढला तर किती वाचतात हे विचारल्यावर समोरच्याचा चेहरा पडतो, पडू द्या.

पेट्रोलचं म्हणाल तर कंपनीच्या दाव्याप्रमाणे दोन्ही लिटरला १९-२० च्या आसपास. प्रत्यक्षात ऐन गर्दीत नऊ-दहा, हायवेवर शांत पाय असेल तर सोळा-सतरा धरा. टर्बोला पाय आवरला नाही तर ॲव्हरेज पडणारच, त्यात गाडीचा दोष नाही.

सर्व्हिसमध्ये व्हर्टसला वर्षाला किंवा १५,००० किलोमीटरला एकदा जावं लागतं, व्हर्नाला १०,००० ला. पण ह्युंदाईचं जाळं मोठं. लातूर, गोंदिया, सावंतवाडीसारख्या गावांतून विचार करणाऱ्याने आपल्या जवळचं फोक्सवॅगनचं वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे ते आधी मोजावं. व्हर्टस चाकणला बनते आणि व्हर्ना चेन्नईजवळ, पण त्याने सुटे भाग लवकर मिळतात असा समज असेल तर तो सोडा. भाग मिळणं वर्कशॉपच्या साठ्यावर ठरतं. व्हर्ना विकताना ग्राहक लवकर मिळतो. व्हर्टसला ग्राहक कमी, पण मिळतो तो शौकीन मिळतो आणि मॅन्युअल जीटी शोधतच आलेला असतो.

टेस्ट ड्राइव्ह

शोरूमवाले ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावरून एक फेरी मारून आणतात. ती नको. गाडी घरी मागवा, तुमच्या सोसायटीच्या उतारावरून पार्किंगमध्ये घाला, पुढचा भाग घासतो का बघा. मागे तिघांना बसवून एक मोठा स्पीडब्रेकर घ्या. ऑटोमॅटिक बघत असाल तर संध्याकाळी सहानंतरचीच वेळ मागा आणि गर्दीत पंधरा मिनिटं तरी काढा, गिअरबॉक्स गरम झाल्यावर कसा वागतो ते तेव्हाच कळतं. आणि दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. आठवड्याच्या अंतराने चालवल्या तर नंतर चालवलेली गाडीच आवडते.