सीरम ट्रिप्टेज चाचणी: उपयोगी, पण एकटी अपुरी

मास्ट पेशी म्हणजे अ‍ॅलर्जीची रसायने सोडणाऱ्या पेशी; त्यांतून रक्तात येणारे एक प्रथिन म्हणजे ट्रिप्टेज. मास्ट पेशींच्या आजारात पहिली मागवावी अशी रक्ततपासणी ट्रिप्टेजचीच. उपाशी राहावे लागत नाही, आणि त्याच पेशींतले दुसरे रसायन हिस्टामिन काही मिनिटांत रक्तातून नाहीसे होते तसे ट्रिप्टेजचे होत नाही. ते निम्मे व्हायला साधारण दोन तास लागतात.

घोळ होतो तो वेळेत. अ‍ॅनाफिलॅक्सिसचा (अ‍ॅलर्जीच्या जिवावर बेतणाऱ्या झटक्याचा) संशय असेल तर लक्षणे सुरू झाल्यापासून अर्ध्या ते दोन तासांत रक्त घ्यावे, फार तर चार तासांत. दुसरा नमुना लक्षणे पूर्ण शमल्यावर किमान २४ तासांनी. ती मूळ पातळी. तिला १.२ ने गुणून २ मिळवा; पहिला नमुना या उंबरठ्याइतका किंवा त्याहून जास्त असेल, तर मास्ट पेशी खरोखर उसळल्या होत्या. मूळ ५ असेल तर उंबरठा ८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर. अहवालावर मात्र बहुधा ११.४ पर्यंत ‘नॉर्मल’ छापलेले असते, त्यामुळे ९ आलेला खरा झटका सरळ निसटतो. दुसरा नमुना घेतलाच नाही, तर पहिल्याचा अर्थ लावणे कठीण.

मूळ पातळी कायम २० च्या वर राहणे हा सिस्टेमिक मॅस्टोसायटोसिसचा (मास्ट पेशी वाढून शरीरभर साचण्याच्या आजाराचा) गौण निकष आहे, निदान नव्हे. २०० च्या वर म्हणजे पेशींचा भार मोठा. भार, त्रास नव्हे! आकडा जेमतेम १२ असलेला रुग्णही वारंवार कोसळू शकतो. ‘आकडा कमी, म्हणजे आजार सौम्य’ असे त्याला सांगणे चूकच. शिवाय मूत्रपिंड निकामी असणे, दुसरा मायलॉइड (अस्थिमज्जेतून उद्भवणारा) रक्तविकार, किंवा ट्रिप्टेज बनवणाऱ्या टीपीएसएबी१ जनुकाच्या आनुवंशिक जादा प्रती, यांनीही पातळी चढते.

म्हणून सोबत किट डी८१६व्ही, म्हणजे या आजारात आढळणारा किट जनुकातला बदल, तपासावा, तोही डिजिटल किंवा अ‍ॅलील-विशिष्ट पीसीआर या अधिक संवेदनशील पद्धतीने. नेहमीच्या सीक्वेन्सिंग पॅनेलमध्ये कमी प्रमाणातला बदल सापडत नाही आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो.

तीव्रता खरी उघड होते ती साध्या सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत). मास्ट पेशींनी अस्थिमज्जा व्यापल्यामुळे हिमोग्लोबिन १० च्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली किंवा न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) १००० च्या खाली गेले, तर आजार प्रगत टप्प्यात आहे. वेगळ्या रक्ततपासणीत अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि हाडांतले एक एन्झाइम) १०० च्या वर असेल आणि वय साठीपुढचे असेल, तर पुढची वाटचाल जास्त अवघड असते. या तपासण्या कुठेही होतात, तरी त्यांच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

उपचारादरम्यान ट्रिप्टेजची तुलना करायची तर रक्त दरवेळी त्याच प्रयोगशाळेत द्यावे, आणि झटक्यानंतरचा पूर्ण दिवस उलटल्यावरच.