पुल्टेक धर्तीचा पॅसिव्ह ईक्यू: हलगी, पखवाज आणि बुवांच्या आवाजावर वापरल्यानंतर

दिवाळीत घेतलेला हा ईक्यू (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमीजास्त करणारं यंत्र) आता एक अख्खा पावसाळा बघून बसलाय, तेव्हा लिहायला हरकत नाही. पुल्टेकच्या ईक्यूपी-वन-ए या जुन्या अमेरिकन यंत्राची ही नक्कल, एका चॅनेलची. कंपनीचं नाव देत नाही. या सर्किटच्या नकला बाजारात ढिगानं आहेत आणि खालचं बहुतेक सगळं त्यातल्या कुठल्याही यंत्राला लागू पडेल. माझं रेकॉर्डिंगचं काम कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खोलीत चालतं: भजनी मंडळं, शाहिरी, चैत्रात जोतिबाच्या यात्रेआधी येणारी भक्तिगीतं, श्रावण लागला की गणपती मंडळांची गाणी. म्हणजे खरी वाद्यं, खरे गळे आणि घाईत असलेली माणसं.

निकाल आधीच सांगून टाकतो. रेकॉर्डिंग करताना माइकप्रीच्या (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या यंत्राच्या) पुढं लावायचा असेल तर घ्या. फक्त मिक्सिंगसाठी घेणार असाल तर पैसे खिशात ठेवा.

आता हा चालतो कसा ते. यातला जो भाग आवाजाचा रंग बदलतो, त्यात रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंडक्टर एवढंच आहे. हे तिन्ही आवाज वाढवू शकत नाहीत, फक्त अडवू शकतात, म्हणून ‘पॅसिव्ह’. मग बूस्टचा, म्हणजे वाढवण्याचा, नॉब कशाला? तर आत शिरल्याशिरल्या सगळ्याच फ्रिक्वेन्सी साधारण १६ डीबीनं (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) खाली पाडल्या जातात. उसाच्या सगळ्या सऱ्यांना पाणी आधीच कमी सोडायचं आणि एखाद्या सरीचं बारं जरा जास्त उघडायचं, तसा हा बूस्ट. त्या पट्ट्यात अडवणूक कमी होते इतकंच. मागं एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बसलेला असतो, तो पडलेले १६ डीबी सगळ्यांना सारखेच परत देतो. म्हणून पॅसिव्ह असूनही याला विजेचं कनेक्शन लागतं. आणि ‘ट्यूब ईक्यू’ म्हणून जो गाजावाजा होतो त्यातल्या ट्यूबचा, म्हणजे याच व्हॉल्व्हचा, ईक्यूशी संबंध फक्त या भरपाईपुरता. फिल्टरमध्ये ट्यूब नाहीच. माझ्या यंत्रात मूळच्यासारख्याच १२एएक्स७ आणि १२एयू७ या ट्यूब आहेत. सगळे नॉब शून्यावर ठेवून ढोलकी यातनं पाठवली तर फरक आहे, पण तो असा की माहीत नसलेल्या माणसाला ऐकवून ‘कुठला कुठला ते सांग’ म्हटलं तर तो गप्प बसेल.

मूळ यंत्र न्यू जर्सीतल्या पल्स टेक्निक्सचं. ऑली समर्लिन आणि जीन शेंक या दोघांनी १९५१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती, ईक्यूपी-वन, बाजारात आणली. तेव्हाच्या स्टुडिओत मिक्सर टेबलवर चॅनेलागणिक ईक्यू नसायचे, त्यामुळं असं स्वतंत्र यंत्र म्हणजे चैनच होती.

पॅनेल बघितलं की प्लगइनवर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या सॉफ्टवेअर ईक्यूवर, वाढलेला माणूस गोंधळतो. खालच्या बाजूला चारच जागा: २०, ३०, ६०, १०० हर्ट्झ. वरच्या बूस्टला ३ ते १६ हजारांपर्यंत सात जागा, वरच्या कटला ५, १० आणि २० हजार. नॉबवर शून्य ते दहा आकडे, त्यांचा डीबीशी संबंध नाही. मधल्या पट्ट्यासाठी, म्हणजे १०० आणि ३००० यांच्या मध्ये जिथं पेटी राहते, बहुतेक गळे राहतात आणि आपल्या खोल्यांचा सगळा घुमारा राहतो, तिथं बोट ठेवायला एकही नॉब नाही.

निदान दिसायला तरी नाही. कारण याची खरी गंमत तळाच्या दोन नॉबमध्ये आहे. एकाच फ्रिक्वेन्सीला बूस्टही द्यायचा आणि कटही. कागदावर हा वेडेपणाच. पाच वाढवून पाच कमी केल्यावर उरणार काय? पण बूस्टचं आणि कटचं जाळं वेगवेगळं आहे, त्यांचे उतार एकाच जागी सुरू होत नाहीत, आणि ताकदही सारखी नाही. मूळ यंत्राच्या माहितीपत्रकात तळाचा बूस्ट जास्तीत जास्त १३.५ डीबी आणि कट १७.५ डीबी दिलाय. दोन्ही एकदम दिले की तळ उचलला जातो आणि त्याच्या बराच वर एक रुंद खड्डा पडतो. रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर घेऊन, इंटरफेसमधनं यंत्रात आणि यंत्रातनं परत इंटरफेसमध्ये अशी तार जोडून मी स्वीप काढला, म्हणजे तळापासून वरपर्यंत सरकणारा सूर पाठवून आलेख घेतला. ३०च्या जागेवर तो खड्डा साधारण २००च्या आसपास दिसला. ६०वर नेलं की तोही वर सरकला. म्हणजे जिथं नॉब नाही तिथली माती हा दुसऱ्याच नॉबनं काढतो. ज्यांच्या खोलीत भिंती समोरासमोर आणि छत बुटकं आहे त्यांना २०० ते ४०० या पट्ट्याचं दुखणं वेगळं सांगायला नको.

पखवाजावर हे सोन्यासारखं चालतं. डाव्या तोंडाला कणीक ताजी लावलेली असली की घुमारा इतका येतो की भजनात पेटीचे खालचे सूर त्यात बुडतात. सॉफ्टवेअरमध्ये मी एक पट्टा कापायचो, मग पखवाज पोकळ वाटायचा, मग तळ वाढवायचो, मग पुन्हा कापायचो. इथं ६०वर बूस्ट चार, कट तीन-साडेतीन, आणि संपलं. करवीर तालुक्यातल्या एका मंडळाचे पखवाजवाले मामा हेडफोन लावून ऐकले आणि म्हणाले, “आवाज भरलाय, पर फुगला न्हाई. ऱ्हाऊ द्या असंच.” मी ठेवलं तसंच. पुढं मिक्समध्ये त्या ट्रॅकला हात लावावा लागला नाही.

बुवांच्या आवाजावर वरचा बूस्ट १० किंवा १२ हजारावर, बँडविड्थचा नॉब (बूस्टचा पट्टा किती रुंद ते ठरवणारा) पूर्ण ब्रॉडवर. वरचा बूस्ट इंडक्टर आणि कपॅसिटरच्या रेझोनन्सवर चालतो, पण ब्रॉडवर तो इतका पसरट होतो की नॉब सहापर्यंत नेला तरी ‘स’ टोचत नाही. ब्रॉडला बूस्टची उंचीही कमी होते, शार्पला वाढते, त्यामुळं तोच सहाचा आकडा दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगतो. त्यातनं एक अडचण मात्र नक्की येते: टाळ. मंडळ एकत्र बसून गात असेल तर बुवांच्या माइकमध्ये दहा-बारा टाळ शिरलेले असतातच, आणि १० हजार वाढवले की बुवांच्या आधी टाळ वाढतात. अशा वेळी बूस्ट शून्यावर आणून माइक हातभर जवळ घेणं बरं. एकट्या शाहिराचा पोवाडा असेल तर प्रश्नच नाही. १६ हजारावर थोडंसं दिलं की शब्दांची धार वर येते आणि डफ मागं जागेवर राहतो.

हलगीला उलटा उपाय. तापवून ताणलेली हलगी बंद खोलीत वाजली की कान फाटतात. तिला वाढवायचं काहीच नसतं. वरचा कट १० हजारावर, नॉब तीन-चार, आणि तळात ६०वर चवीपुरता बूस्ट. हा वरचा कट साधा शेल्फ आहे, म्हणजे एका जागेपासून पुढचं सगळंच हळूहळू खाली, कुठंही अणकुचीदार नाही, त्यामुळं काठीचा फटका राहतो आणि त्याच्या पुढची चरचर तेवढी खाली बसते. घुमकं आणि कैताळ सोबत असतील तर मात्र घुमक्याला वेगळा माइक द्या. एका माइकवर तिघांचं भांडण हे यंत्र सोडवत नाही.

आता तक्रारी. पहिली गुणगुण. इंडक्टर म्हणजे शेवटी तारेचं वेटोळं, आसपासचं चुंबकीय क्षेत्र तो पकडतोच. रॅकच्या खालच्या कप्प्यात यूपीएस होता. तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवल्यावर फरक पडला. तरीही आपली वीज ५० हर्ट्झची आणि यंत्रावरची जागा ६०ची, शेल्फ रुंद. म्हणजे ६०चा बूस्ट देताना गिटारच्या पिकअपमधली किंवा अर्थिंग नसलेल्या सॉकेटमधली गुणगुणही आपण आनंदानं वाढवत असतो. आधी अर्थिंग बघा.

दुसरी पावसाची. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा काय असते ते इथल्यांना माहीत आहे. फ्रिक्वेन्सीचे स्विच फिरवताना कुरकुर यायला लागली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून आणि प्रत्येक स्विच दहा-वीस वेळा फिरवून ती गेली, पण तेव्हापासून रॅकमध्ये सिलिका जेल ठेवतो. तिसरी उष्णतेची: एप्रिलमध्ये रेकॉर्डिंगला एसी बंद करावा लागतो आणि हा बाजूला बसून शेगडीचं काम करतो.

मिक्सिंगसाठी नको म्हटलं त्याची कारणं सरळ आहेत. चॅनेल एकच. प्रत्येक ट्रॅक यातनं खऱ्या वेळात काढावा लागतो. सहा मिनिटांचं गाणं म्हणजे सहा मिनिटं बसा. दोन महिन्यांनी मंडळाचा फोन येतो, “पखवाज जरा वाढवा की”, तेव्हा नॉब कुठं होते ते मोबाइलमधल्या फोटोत शोधा. आणि मिक्सिंगपुरतं बोलायचं तर इग्नाइट ॲम्प्सचा पीटीईक्यू-एक्स हा फुकटचा प्लगइन तळाची ती बूस्ट-कटची युक्ती व्यवस्थित करतो. मी स्वतः मिक्समध्ये तोच वापरतो.

रेकॉर्डिंगला मात्र गणित उलटं होतं. वादक समोर असतो, आवाज त्याला तिथंच आवडतो किंवा आवडत नाही, आणि एकदा ट्रॅकवर उतरलं की पुन्हा पुन्हा उकरत बसणं बंद. चार हजार फ्रिक्वेन्सींतून निवडायचं नसून चारांतून निवडायचं असतं, म्हणून निर्णय पटकन होतो.

स्टिरिओसाठी दुसरा घेऊ का, असं काहीजण विचारतात. इतक्या पैशात एक चांगला रिबन माइक, म्हणजे वरचा आवाज मुळातच मऊ पकडणारा माइक, येतो. हलगीसमोर तो लावला तर वरच्या कटची गरज अर्धी तिथंच संपेल, म्हणून माझा पुढचा खर्च तिकडं.